पोलिसाची नोकरी सोडून वकील झालेले टॉम ब्रॅडली लॉस एंजेलिसचे महापौर कसे झाले?

परदेशातून लॉस एंजेलिसला येणारी बरीचशी विमानं ज्या टर्मिनलवर थांबतात, त्याला टॉम ब्रॅडली यांचं नाव दिलेलं आहे. टर्मिनलमधून रोज हजारो माणसं ये-जा करतात, पण हे ब्रॅडली कोण होते हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

ब्रॅडली या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. एकदा नाही, सलग पाच वेळा निवडून आलेले. १९७३ ते १९९३ अशी वीस वर्षं त्यांनी शहराचा कारभार पाहिला. पण त्याआधीची २१ वर्षं ते याच शहराच्या पोलीस दलात होते. दिवसा नोकरी करून रात्रीच्या वर्गात ते कायदा शिकले, वकील झाले आणि एक दिवस वर्दी उतरवून बाहेर पडले. आपण सोडलेलं पोलीस दल कायद्याच्या चौकटीत कसं आणायचं, हा प्रश्न मात्र त्यांच्या पाठीमागे आयुष्यभर लागला.

कापसाच्या शेतातून शहरात

टॉम ब्रॅडली यांचा जन्म २९ डिसेंबर १९१७ चा, टेक्सास राज्यातल्या कॅल्व्हर्ट या छोट्या गावातला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. आईवडील दुसऱ्याची कापसाची शेती बटईने कसायचे. अशा शेतीत राबायचं आपण आणि पिकाचा मोठा वाटा जायचा मालकाला. कर्ज कधी फिटत नसे.

१९२४ मध्ये हे कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. पुढे वडील घर सोडून गेले आणि आईने लोकांच्या घरी धुणीभांडी करून मुलं वाढवली. टॉम अभ्यासात हुशार होता आणि धावण्यात त्याहून हुशार. पॉलिटेक्निक हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोजकेच होते, तरी तो तिथल्या ॲथलेटिक्स संघाचा कर्णधार झाला. १९३७ मध्ये खेळाच्या शिष्यवृत्तीवर त्याला यूसीएलए या विद्यापीठात प्रवेश मिळाला.

पदवी मात्र पूर्ण झाली नाही. १९४० मध्ये त्यांनी पोलीस भरतीची परीक्षा दिली, उत्तम गुण मिळवले आणि शिक्षण सोडून ते पोलिसात दाखल झाले. पुढच्याच वर्षी एथेल अर्नोल्ड यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मंदीचा काळ नुकताच सरत होता. गरीब घरातल्या कृष्णवर्णीय तरुणासाठी सरकारी पगार आणि पेन्शन ही फार मोठी गोष्ट होती.

वर्दी एकच, नियम दोन

वर्दी सगळ्यांची सारखी असली तरी दलात गोऱ्यांना एक न्याय आणि काळ्यांना दुसरा होता. कृष्णवर्णीय पोलिसांना नेमणूक मिळायची ती प्रामुख्याने दोनच ठिकाणी. एक तर कृष्णवर्णीय वस्तीतलं न्यूटन स्ट्रीट ठाणं, नाहीतर शहराच्या मध्यभागी वाहतूक नियंत्रण. गस्तीच्या गाडीत गोरा आणि काळा पोलीस शेजारी शेजारी बसवायचे नाहीत, हा रिवाज होता.

नोकरीच्या बाहेरही तेच. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. घर कृष्णवर्णीयांना विकू नये, असे करार तेव्हा सर्रास व्हायचे. असे करार न्यायालयांनी अमलात आणायचे नाहीत, असं या निकालाने ठरवलं. पण कागदावरचा निकाल घरमालकाच्या मनात लगेच उतरत नाही. १९५० मध्ये ब्रॅडली दांपत्याने लायमर्ट पार्क या जवळपास संपूर्ण गोऱ्यांच्या वस्तीत घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा व्यवहारासाठी एका गोऱ्या मध्यस्थाला पुढे करावं लागलं. खरेदीदार पोलीस अधिकारी होता, तरीही.

ब्रॅडली हुद्द्याने वर चढत लेफ्टनंट झाले. त्या काळी लॉस एंजेलिसच्या दलात कृष्णवर्णीय अधिकारी त्याच्या वर गेलेला नव्हता. पुढचा हुद्दा कॅप्टनचा, पण ते दार बंद होतं.

दरम्यान त्यांनी साउथवेस्टर्न या लॉ स्कूलमध्ये रात्रीच्या वर्गांना नाव घातलं होतं. १९११ मध्ये सुरू झालेली ही संस्था नोकरदारांना संध्याकाळी कायदा शिकवण्यासाठी ओळखली जायची. दिवसभर ड्यूटी, रात्री वर्ग आणि घरात दोन लहान मुली, असं करत १९५६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. वकिली करण्यासाठी लागणारी बार परीक्षाही ते उत्तीर्ण झाले.

पण हातात सनद आली म्हणून त्यांनी लगेच राजीनामा दिला नाही. आणखी पाच वर्षं ते नोकरीत राहिले. वीस वर्षांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क मिळत असे. तो पदरात पडल्यावर १९६१ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांनी पोलीस दल सोडलं आणि वकिली सुरू केली.

रात्री कायदा शिकलेला दुसरा पोलीस

ब्रॅडली नोकरीतून बाहेर पडले तेव्हा दलाचे प्रमुख होते विल्यम पार्कर. गंमत म्हणजे पार्करसुद्धा रात्रीच्या वर्गांत शिकून वकील झालेले पोलीस होते. १९२७ मध्ये ते दलात आले आणि नोकरी सांभाळत त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पण ते दलातच राहिले आणि आपलं कायद्याचं ज्ञान त्यांनी वेगळ्याच कामासाठी वापरलं.

लॉस एंजेलिसचा कारभार चार्टर, म्हणजे शहराच्या सनदेनुसार चालतो. सनदेत बदल करायचा तर नागरिकांचं मतदान घ्यावं लागतं. १९३४ आणि १९३७ मध्ये पोलिसांच्या संघटनेने असे दोन बदल मंजूर करून घेतले आणि ते तयार करण्यात पार्कर यांचा मोठा हात होता. त्यामुळे पोलिसांना आणि पुढे पोलीस प्रमुखालाही नोकरीचं पक्कं संरक्षण मिळालं. ठोस कारण आणि सुनावणी याशिवाय प्रमुखाला हटवता येणार नव्हतं.

याला कारणही होतं. त्या काळी शहरात भ्रष्टाचार बोकाळला होता. महापौर बदलला की पोलीस प्रमुख बदलायचा आणि जुगाराचे अड्डे चालवणाऱ्यांचं फावायचं. पोलिसांना राजकारण्यांपासून वाचवायला हवं, हा विचार चुकीचा नव्हता. पण त्यातून असा पोलीस प्रमुख तयार झाला की ज्याला निवडून आलेलं कुणीच जाब विचारू शकत नव्हतं. आपल्याकडे सरकारच्या एका आदेशाने पोलीस आयुक्तांची बदली होते. लॉस एंजेलिसमध्ये बरोबर उलटी अडचण होती.

१९५० मध्ये पार्कर स्वतः प्रमुख झाले आणि १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले.

माजी पोलीसच पोलिसविरोधी ठरला

१९६३ मध्ये ब्रॅडली सिटी कौन्सिलवर, म्हणजे शहराच्या नगर परिषदेवर निवडून आले. कौन्सिलवर पोहोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी ते एक होते. त्यांच्या प्रभागात गोरे, ज्यू, जपानी वंशाचे आणि कृष्णवर्णीय असे सगळे मतदार होते. या सगळ्यांना बरोबर घेऊन निवडणूक जिंकता येते, हे त्यांना इथे उमगलं.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६५ मध्ये, शहरातल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत दंगल पेटली. निमित्त होतं पोलिसांनी वाहनचालकाला केलेल्या अटकेचं. सहा दिवसांत ३४ माणसं मेली. पार्कर यांनी दोष दंगलखोरांवर टाकला. ब्रॅडली कौन्सिलमध्ये पोलिसांच्या वागणुकीबद्दल प्रश्न विचारू लागले. दल आतून कसं चालतं हे त्यांना ठाऊक होतं आणि कायदा काय सांगतो हेही. वर्दीत असताना हे प्रश्न विचारणं त्यांना शक्य नव्हतं.

त्याची किंमत १९६९ मध्ये मोजावी लागली. महापौरपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत ब्रॅडली सर्वांच्या पुढे होते. मग तत्कालीन महापौर सॅम यॉर्टी यांनी प्रचाराचा रोख बदलला. ब्रॅडली जिंकले तर शहर जहाल लोकांच्या हातात जाईल, पोलीस नोकऱ्या सोडतील, अशी भीती घालण्यात आली. २१ वर्षं पोलिसात काढलेला माणूस पोलिसांचा शत्रू ठरवला गेला आणि दुसऱ्या फेरीत हरला.

१९७३ मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी ब्रॅडली सुमारे ५६ टक्के मतं घेऊन जिंकले. शहरात कृष्णवर्णीय लोकसंख्या तेव्हा पाचव्या हिश्श्याहूनही कमी होती, म्हणजे गोऱ्या मतदारांनी साथ दिल्याशिवाय हा विजय शक्यच नव्हता. त्यांना पदाची शपथ दिली ती अर्ल वॉरन यांनी. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल देणारे सरन्यायाधीश ते हेच.

ऑलिंपिक आणि हुकलेली गव्हर्नरकी

महापौर म्हणून ब्रॅडली शांत, मोजकं बोलणारे आणि कामाला वाघ होते. त्यांनी महापालिकेच्या नोकऱ्या आणि समित्यांची दारं कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई वंशाचे लोक आणि महिलांसाठी उघडली. विमानतळ आणि बंदर वाढवलं.

त्यांच्या काळातली सर्वांत मोठी घटना म्हणजे १९८४ चं ऑलिंपिक. ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं ते याच स्पर्धेत. १९७६ च्या स्पर्धेने मॉन्ट्रियल शहराला कर्जात बुडवलं होतं, त्यामुळे यजमानपद घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं. लॉस एंजेलिसच्या करदात्यांवर बोजा पडू नये म्हणून खासगी समितीमार्फत, जुनीच मैदानं वापरून स्पर्धा झाली आणि २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक राहिली.

त्याआधी १९८२ मध्ये ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले होते. जनमत चाचण्या त्यांच्या बाजूने होत्या. प्रत्यक्षात ते एक लाखाहूनही कमी मतांनी हरले. काही गोरे मतदार चाचणीत कृष्णवर्णीय उमेदवाराचं नाव सांगतात, पण मत दुसऱ्याला देतात, या तर्काला तेव्हापासून ब्रॅडली इफेक्ट म्हणतात. त्या पराभवाचं खरं कारण हेच होतं का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

त्यांच्या कारकिर्दीला डागही लागला. १९८९ मध्ये त्यांचे बँकांशी असलेले आर्थिक संबंध चौकशीच्या फेऱ्यात सापडले. फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही, पण गुंतवणुकीची माहिती नीट जाहीर न केल्याबद्दल त्यांना दंड भरावा लागला.

जुनी भिंत पुन्हा समोर

१९७८ मध्ये डॅरिल गेट्स पोलीस प्रमुख झाले. तरुणपणी ते पार्कर यांचे ड्रायव्हर होते आणि त्यांच्याच तालमीत तयार झालेले. महापौर आणि प्रमुख यांच्यात खटके उडायचे, पण सनदेतल्या संरक्षणामुळे महापौर प्रमुखाला हात लावू शकत नव्हते.

३ मार्च १९९१ च्या रात्री पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला काठ्यांनी बेदम मारलं. शेजारच्या इमारतीतल्या एकाने त्याचं चित्रीकरण केलं आणि ते जगभर दिसलं. ब्रॅडली यांनी गेट्स यांचा राजीनामा मागितला. गेट्स यांनी नकार दिला. महापौरांनी नेमलेल्या पोलीस आयोगाने त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, तर कौन्सिलने हस्तक्षेप केला आणि काही दिवसांतच ते पुन्हा खुर्चीत आले.

दरम्यान ब्रॅडली यांनी दुसरा मार्गही धरला होता. वकील वॉरन ख्रिस्तोफर यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी चौकशी आयोग नेमला. जुलै १९९१ मध्ये अहवाल आला. वारंवार बळाचा गैरवापर करणारे ठरावीक पोलीस दलाला माहीत असूनही त्यांच्यावर कारवाई होत नाही, असं त्यात नोंदवलं होतं. प्रमुखाची मुदत पाच वर्षांची असावी आणि ती एकदाच वाढवता यावी, अशी शिफारसही होती.

शिफारस अमलात येण्याआधीच शहर पेटलं. २९ एप्रिल १९९२ रोजी किंग प्रकरणातले पोलीस खटल्यातून सुटले. दंगलीत ५० हून जास्त लोक मेले आणि सुमारे एक अब्ज डॉलरचं नुकसान झालं. शहर जळत असताना महापौर आणि पोलीस प्रमुख वर्षभराहून अधिक काळ एकमेकांशी बोलतच नव्हते, हेही तेव्हा उघड झालं. निकालावर ब्रॅडली यांनी जाहीर संताप व्यक्त केला. त्याने आगीत तेल ओतलं गेलं, अशी टीका त्यांच्यावर झाली. वीस वर्षं सगळ्या वर्णांच्या लोकांना जोडणारा नेता म्हणून ज्यांची ओळख होती, त्यांच्या कारकिर्दीचा शेवट असा होत होता.

२ जून १९९२ रोजी सनदेतला बदल मतदानाला आला आणि नागरिकांनी तो मोठ्या फरकाने मंजूर केला. पोलीस प्रमुखाची तहहयात खुर्ची गेली. त्याच महिन्यात गेट्स निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी विली विल्यम्स हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय पोलीस प्रमुख आले.

१९९३ मध्ये ब्रॅडली यांनी महापौरपद सोडलं आणि पंचाहत्तरीत ते पुन्हा वकिलीकडे वळले. १९९६ मध्ये आलेल्या झटक्यांनंतर त्यांची वाचा गेली. २९ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

ज्या दलात कृष्णवर्णीय माणूस लेफ्टनंटच्या पुढे जात नव्हता, तिथे प्रमुखाच्या खुर्चीवर कृष्णवर्णीय माणूस बसलेला ब्रॅडली यांनी पाहिला. पण खुर्चीवर कोण बसतं यापेक्षा त्या खुर्चीला जाब कोण विचारतो, हा प्रश्न जास्त मोठा होता. पार्कर यांनी १९३७ मध्ये कायद्याने बांधलेली भिंत कायद्यानेच पाडावी लागली. त्याला ५५ वर्षं आणि दोन दंगली लागल्या.