विश्लेषण : ‘टॅपेट’ची टिकटिक आणि कॉर्व्हेट... झोरा डंटोव्ह कोण होते?

अमेरिकेत साठ-सत्तर वर्षांपूर्वीची शेव्हरोले व्ही-८ गाडी कोणी दुरुस्तीला काढली, इंजिन उघडले आणि कॅमशाफ्ट झिजलेला निघाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आता त्या जागी काय बसवायचे? कंपनीचा साधा कॅम की ‘डंटोव्ह कॅम’? सुट्या भागाला माणसाचे नाव चिकटावे आणि ते इतकी वर्षे टिकावे, असे वाहन उद्योगात फार कमी वेळा घडते. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचे जनक म्हणून ओळखले जाणारे झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्या बाबतीत ते घडले. गंमत म्हणजे पहिल्या कॉर्व्हेटच्या रचनेत त्यांचा काहीही वाटा नव्हता.

ब्रुसेल्स ते न्यूयॉर्क, व्हाया युद्ध

डंटोव्ह यांचा जन्म २५ डिसेंबर १९०९ रोजी ब्रुसेल्समध्ये, रशियन ज्यू कुटुंबात झाला. बालपण लेनिनग्राडमध्ये गेले. वडिलांचे आडनाव आर्कस. आईच्या दुसऱ्या जोडीदाराचे डंटोव्ह. झोरा आणि धाकटा भाऊ युरा यांनी दोन्ही आडनावे लावली. १९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला आले आणि तिथल्या शार्लोटेनबुर्गच्या तंत्रसंस्थेतून झोरा १९३४ मध्ये इंजिनीअर झाले. तोवर हिटलर सत्तेवर आला होता. पुढे फ्रान्स, तिथे नर्तिका एल्फी वुल्फ यांच्याशी लग्न आणि युद्ध सुरू होताच फ्रेंच हवाई दलात भरती. फ्रान्स पडल्यावर जर्मनांच्या हाती लागणे म्हणजे मृत्यू, हे उघड होते. मार्सेलमधील स्पॅनिश वकिलातीतून व्हिसा मिळाला आणि स्पेन, पोर्तुगाल असे करत हे कुटुंब न्यूयॉर्कला पोहोचले.

तिथे दोघा भावांनी कारखाना काढला. आर्कसमधला ‘आर’ आणि डंटोव्हमधला ‘डन’ घेऊन त्याचे नाव ठेवले ‘आर्डन’. युद्धकाळात संरक्षण खात्याची कामे मिळाली आणि कारखाना वाढला.

पहिला प्रयत्न कुठे अडला?

युद्धानंतर डंटोव्ह यांनी हात घातला तो फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनाला. १९३२ पासून चालत आलेल्या या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नव्हे, ब्लॉकमध्ये असत. जळालेला गरम वायू ब्लॉकच्या आतूनच वाट काढत बाहेर पडे, त्यामुळे जड ट्रकमध्ये इंजिन तापायचे. डंटोव्ह यांनी अॅल्युमिनियमचे नवे हेड बनवले. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, तिरके बसवले, ज्वलनकक्ष अर्धगोल केला. इंजिनाला श्वास घ्यायला मोकळी वाट मिळाली आणि ताकद भरपूर वाढली.

पण व्हॉल्व्ह वर नेले, की ते उघडणारी यंत्रणाही लांबते. कॅम खालीच राहिला, त्याच्यावरून निघणारे पुशरॉड लांब झाले, वर रॉकर आले. हलणाऱ्या भागांचे वजन वाढले. जास्त फेऱ्यांवर हेच वजन त्रास देऊ लागले आणि शर्यतवाल्यांना ही यंत्रणा आपापल्या परीने मजबूत करून घ्यावी लागली. ट्रकवाल्यांनी तर या महागड्या हेडकडे फारसे पाहिलेच नाही. आर्डन हेडची काहीशेच जोड्या बनल्या आणि कारखाना बंद पडला. आज त्या जोड्या संग्राहक जपून ठेवतात, तो भाग वेगळा. डंटोव्ह काही काळ इंग्लंडमध्ये अॅलार्ड कंपनीत गेले आणि १९५२-५३ मध्ये त्यांच्याच गाडीतून ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीतही उतरले.

कॉर्व्हेटशी गाठ कशी पडली?

जानेवारी १९५३. न्यूयॉर्कच्या मोटोरामा प्रदर्शनात जनरल मोटर्सने कॉर्व्हेट दाखवली. डंटोव्ह रूपावर भाळले, पण आतले यंत्र पाहून हिरमुसले : सहा सिलिंडरचे १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि दोनच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यांनी शेव्हरोलेचे मुख्य अभियंता एड कोल यांना पत्र लिहिले आणि त्याच वर्षी मे महिन्यात नोकरीवर रुजू झाले. डिसेंबरमध्ये त्यांनी वरिष्ठांना एक टिपण दिले. गाड्या फुंकणारी तरुण पोरे तेव्हा फोर्डच्या मागे होती. त्यांना शेव्हरोलेकडे वळवायचे तर कंपनीने स्वतःच दमदार सुटे भाग बनवून विकावेत, असा त्याचा आशय. कंपनीच्या काउंटरवर मिळणारा, वॉरंटीला न घाबरवणारा ‘परफॉर्मन्स पार्ट’ ही कल्पना आज साधी वाटते, तेव्हा तशी नव्हती.

कोल यांच्या चमूने १९५५ मध्ये २६५ घन इंचांचे, म्हणजे ४.३ लिटरचे व्ही-८ आणले. त्यातले रॉकर पत्र्यातून ठोकून काढलेले, हलके होते आणि प्रत्येक रॉकर आपापल्या खुंटीवर डुलत असे. आर्डनमध्ये जे नडले होते, ते नेमके इथे नव्हते.

डंटोव्ह कॅममध्ये वेगळे काय?

इंजिनात कॅमशाफ्ट फिरतो. त्याचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. बंद करण्याचे काम स्प्रिंगचे. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघड-बंद होतो. एका मर्यादेनंतर स्प्रिंग मागे पडते, टॅपेट कॅमवरून उडतो आणि परत आदळतो. ताकद तिथेच संपते आणि झीज सुरू होते.

ताकद वाढवायची तर व्हॉल्व्ह अधिक उंच उचला, असा तेव्हाचा सरधोपट विचार होता. डंटोव्ह यांनी उंची जवळपास होती तेवढीच, सुमारे १० मिलिमीटर ठेवली. व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ मात्र वाढवला आणि उंचवट्याचा चढ-उतार असा सौम्य केला, की भागांना धक्का कमी बसावा. शिवाय तेल भरून फट आपोआप मिटवणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटऐवजी साधे घन टॅपेट वापरले. हायड्रॉलिक टॅपेट जास्त फेऱ्यांवर फुगून व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नसत. घन टॅपेटला फट ठेवावी लागते, ती फिलर गेज घालून हाताने बसवावी लागते आणि इंजिन टिकटिक आवाज करते. जुनी बुलेट चालवलेल्यांना ‘टॅपेट सेटिंग’ हा प्रकार नव्याने सांगायला नको!

जानेवारी १९५६ मध्ये फ्लोरिडातील डेटोनाच्या वाळूवर डंटोव्ह यांनी हाच कॅम बसवलेली कॉर्व्हेट स्वतः चालवली. दोन्ही दिशांची सरासरी ताशी १५०.५८ मैल, म्हणजे २४२ किलोमीटर भरली. कॅमला सुट्या भागाच्या क्रमांकातील शेवटच्या तीन आकड्यांवरून ‘०९७’ असेही नाव पडले. त्याच वर्षी चाचणीत गाडी उलथून त्यांच्या पाठीचा मणका मोडला. प्लास्टरमध्ये असतानाही त्यांनी इंधन इंजेक्शनचे काम सोडले नाही. १९५७ च्या कॉर्व्हेटमध्ये कॅम आणि इंजेक्शन एकत्र आले : २८३ घन इंच, २८३ अश्वशक्ती.

झिजलेला कॅम बदलताना काय पाहतात?

या जुन्या इंजिनांत टॅपेट कॅमवर थेट घासतो. त्या जागी तेलातले झिंकचे संयुग कवचासारखे काम करते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते अपायकारक, म्हणून नव्या तेलांत त्याचे प्रमाण घटले. जुन्या इंजिनाला असे तेल घातले, तर उंचवटे सपाट होऊ शकतात. नवा कॅम घालताना टॅपेटही नवेच हवेत, कारण जुना टॅपेट आधीच्या उंचवट्याशी जुळून झिजलेला असतो. स्प्रिंगचा जोर तपासावा लागतो : कमी असेल तर टॅपेट उडेल, जास्त असेल तर कॅम खाईल. मग भरपूर झिंकचे तेल घालून पहिली वीस-तीस मिनिटे इंजिन आयडलवर न ठेवता २,००० फेऱ्यांच्या आसपास चालवतात. महागडा कॅम आणून स्प्रिंगवर पैसे वाचवणारे ग्राहक सगळीकडे असतात. त्यांचे इंजिन लवकरच पुन्हा उघडावे लागते.

कंपनीशी भांडण कशावरून?

१९५४ आणि १९५५ मध्ये डंटोव्ह यांनी पोर्शे चालवत ल मान्सला आपल्या गटात विजय मिळवले होते. शर्यत हीच खरी चाचणी, ही त्यांची ठाम समजूत. पण १९५७ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी शर्यतींतून अंग काढून घेतले. नंतर त्यांनी ‘ग्रँड स्पोर्ट’ नावाची हलकी कॉर्व्हेट तयार करायला घेतली, शंभरहून अधिक बनवायच्या होत्या. वरून आदेश आला आणि पाचांवरच काम थांबले. इंजिन चालकाच्या मागे बसवावे, हा आग्रह त्यांनी नमुना गाड्या बनवून अनेक वर्षे धरला. आहे ती गाडी विकली जात असताना इतका खर्च कशाला, हे उत्तर मिळत राहिले. १९७५ मध्ये ते निवृत्त झाले.

२१ एप्रिल १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी केंटकीतील बोलिंग ग्रीन येथे, कॉर्व्हेटच्या कारखान्याजवळच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. आपल्याकडे शेव्हरोले म्हटले की तळेगावच्या कारखान्यातली ‘बीट’ आठवते. भारतातील विक्री कंपनीने २०१७ अखेर बंद केली. अमेरिकेत २०१९ मध्ये मागे इंजिन असलेली पहिली कॉर्व्हेट आली. तिच्या झेड०६ आवृत्तीचे नाव डंटोव्ह यांच्या काळातल्या, १९६३ च्या शर्यती पॅकेजवरून घेतले आहे. तिचे ५.५ लिटर इंजिन ८,६०० फेऱ्यांपर्यंत जाते. त्यात कॅम वर हेडमध्ये आहेत, पुशरॉड नाहीत. हायड्रॉलिक टॅपेटही नाहीत : व्हॉल्व्हची फट कारखान्यातच चकती घालून बसवलेली असते.