गहाण पडलेले घर आणि खाशाबा जाधव

आमच्या वसतिगृहात ज्यांना सारे जण नुसते ‘गुरुजी’ म्हणत, त्या कालकथित क्रीडाशिक्षकांच्या नावे यंदापासून शिष्यवृत्ती सुरू होत आहे. संध्याकाळच्या सरावानंतर मैदानावर बसवून ते आम्हांला खाशाबा जाधवांची हकिकत ऐकवीत. स्वतःविषयी लिहिलेले त्यांना रुचले नसते. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यांच्याऐवजी खाशाबांचेच चरित्र सादर करीत आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर या गावी झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. मुलाला आखाड्याची माती त्यांनी पाचव्या वर्षीच लावली. पुढे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली ते तयार झाले. अंगकाठी लहान, उंची बेताची. परंतु चपळाई आणि ढाक या डावावरील हुकमत अशी की थोराड गडी बघता बघता पाठीवर येई. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले, आणि त्यानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारून कुस्तीला राजाश्रय दिला होता, आणि तालमींच्या त्या नगरीत मल्लाला मान होता. तरीही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी निवड झाली तेव्हा प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिलाच. तो कोल्हापूरच्या महाराजांनी सोडविला. लंडनमध्ये गाठ पडली ती गादीची. लाल मातीत वाढलेल्या पायांना ती परकी होती. तेथील नियम आणि गुणांची पद्धतही वेगळी होती. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी तेथे त्यांना मार्गदर्शन केले. खाशाबांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. पहिल्याच प्रयत्नात एवढे यश मिळाले असता दुसरा कोणी समाधानाने घरी बसला असता. खाशाबांनी मात्र परतल्यावर सराव वाढविला आणि वरच्या, म्हणजे बँटमवेट गटाची तयारी आरंभली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट अधिक खडतर ठरली. निवड चाचणीत अन्याय झाल्याची त्यांची तक्रार होती. ती त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला हरवून आपले स्थान मिळविले. मग पुन्हा पैसा! सरकारदरबारी मागणी करूनही मदत अपुरी पडली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, पण हिशेब जुळेना. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७००० रुपये उभे केले.

या जागी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. खर्डेकरांपुढे कोणतीही योजना नव्हती, मंजुरीचा कागद नव्हता, परतफेडीची हमी तर मुळीच नव्हती. विद्यार्थी हरून आला असता तर घर गेले असते. धम्मात ज्याला कल्याणमित्र म्हणतात तो याहून वेगळा कसा असेल, हे आम्हांला ठाऊक नाही. आणि त्या ७००० रुपयांचे ओझे खांद्यावर घेऊन गादीवर उतरणाऱ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या मनाची अवस्था काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमविले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेली लढत पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि ती त्यांनी गमावली. त्यानंतर लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेयोव याच्याशी लढण्यास त्यांना सांगण्यात आले. नियमानुसार दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण खाशाबांची बाजू मांडायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकल्या अंगाने ते उतरले आणि हरले. तरीही २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, वाट पाहावी लागली. त्याच हेलसिंकीत केशव मंगावे फेदरवेट गटात चौथे आले, हेही येथे नोंदवून ठेवतो. त्यांची आठवण फारशी निघत नाही.

परतल्यावर कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांची वाट, तिला सात तास लागले. मिरवणुकीचा गुलाल उतरला आणि खाशाबांनी पहिले काम कोणते केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले. स्वतः त्यात लढले, जिंकले, आणि मिळालेली रक्कम प्राचार्यांच्या हाती ठेवून त्यांचे घर सोडवून दिले. गुरुजी ही हकिकत सांगत तेव्हा पदकाचा भाग लवकर उरकीत आणि या भागावर रेंगाळत.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. खात्यांतर्गत स्पर्धा त्यांनी गाजविल्या, तरुण पोलिसांना कुस्तीचे धडे दिले. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या मशालदौडीत त्यांना सन्मानाने सामील करून घेण्यात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार आला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वरातील त्यांचे घर ‘ऑलिंपिक निवास’ या नावाने ओळखले जाते.