रमाबाई रानडे आणि शुश्रूषेचं शिक्षण: वृद्ध रुग्णांच्या घरच्यांसाठी

घरातले आजी-आजोबा दवाखान्यात दाखल झाले की आपण विचारतो, डॉक्टर कोण, रिपोर्टमध्ये काय आलं, खर्च किती येईल. त्यांची शुश्रूषा कोण आणि कशी करणार, हे सहसा कुणी विचारत नाही. ऐंशीच्या घरातल्या अशक्त माणसाचं पुढे काय होणार, हे मात्र बऱ्याचदा त्यावरच ठरतं. न्यूमोनिया बरा होतो, पण चालत आलेले आजोबा स्ट्रेचरवरून घरी जातात.

शुश्रूषा हे शिकून करायचं काम आहे, हे महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांमध्ये रमाबाई रानडे यांचं नाव फार वरचं आहे. त्यांचं आयुष्य आज तुमच्याही उपयोगाचं आहे.

अकराव्या वर्षी लग्न, मग पाटी-पेन्सिल

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी त्यांना मराठी आणि पुढे इंग्रजीही शिकवलं. घरातल्या बायकांना हे पसंत नव्हतं. टोमणे आणि अबोला सोसत रमाबाई शिकत राहिल्या.

जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले. शेवटच्या आजारपणात रमाबाई त्यांच्याजवळ होत्या. त्यानंतर त्या पुण्याला आल्या आणि काही काळ लोकांत मिसळल्याच नाहीत.

फळं घेऊन भेटायला जाण्यापासून पुढे

बाहेर पडल्यावर त्या तुरुंगातल्या स्त्रियांना भेटू लागल्या. फळं, फुलं, पुस्तकं घेऊन दवाखान्यातल्या रुग्णांकडे जाऊ लागल्या. आपणही हेच करतो. मोसंबी किंवा शहाळं घेऊन जातो, दहा मिनिटं बसतो आणि निघतो. त्या भेटीने रुग्णाला बरं वाटतं, पण त्याची कूस कोण बदलणार, हा प्रश्न तसाच राहतो.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन सुरू केलं आणि रमाबाई त्या कामात आल्या. १९०९ मध्ये त्यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे स्त्रियांना, विशेषतः विधवांना, शिक्षण आणि पोटापाण्याचं काम मिळू लागलं. त्यात एक मोठं काम होतं परिचारिका होण्याचं. त्यासाठी सेवासदनच्या स्त्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात प्रशिक्षण घेत.

हे किती अवघड होतं, याचा विचार करा. परक्या माणसाचं मलमूत्र साफ करणं, जखमा धुणं, रात्रपाळी करणं ही कामं तेव्हा हलकी समजली जात. चांगल्या घरची विधवा हे करणार म्हटल्यावर लोक बोलणारच. रमाबाईंच्या नावाला समाजात वजन होतं आणि ते त्यांनी या स्त्रियांच्या पाठीशी उभं केलं. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत सेवासदन ही मोठी संस्था झाली होती.

वृद्धांची शुश्रूषा वेगळी का?

रमाबाईंच्या काळात वृद्धांसाठी वेगळी परिचर्या नव्हती. ती पुढे विकसित झाली. ब्रिटनमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांबरोबर दवाखान्यातल्या वृद्धांचा अभ्यास केला, तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीला मलमं चोळण्यापेक्षा ठरावीक वेळाने कूस बदलल्याने जखमा जास्त टळतात, हे त्यातून दिसलं.

म्हातारपणी शरीराची शिल्लक कमी असते. धडधाकट वृद्धांनाही दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचे सुमारे एक किलो स्नायू कमी होतात, असं एका अभ्यासात आढळलं आहे. आजारी माणसाचं नुकसान याहून लवकर होतं. शिवाय नवी जागा, अपुरी झोप आणि ताप यांमुळे आजी अचानक बरळू लागतात, नळ्या ओढतात. घरच्यांना वाटतं, वेड लागलं. हा बहुतेक वेळा तात्पुरता गोंधळ असतो आणि त्यामागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता किंवा एखादं औषध असू शकतं. प्रशिक्षित सिस्टरच्या हे लवकर लक्षात येतं.

तुम्ही काय करू शकता?

देवळाली प्रवरातून तुम्ही रुग्णाला राहुरीला न्या, श्रीरामपूरला, लोणीला किंवा अहिल्यानगरला, त्याच्याजवळ घरचं माणूस थांबतंच. त्या माणसाने सिस्टरकडून काम शिकून घ्यावं.

- कूस कशी आणि किती वेळाने बदलायची, ते विचारा. साधारण दर दोन तासांनी बदलतात. ओढू नका, चादरीसकट उचलून सरकवा.
- रुग्णाला खुर्चीत कधी बसवायचं आणि चार पावलं कधी चालवायची, ते पहिल्याच दिवशी विचारा.
- लघवीची नळी अजून लागते का, हे रोज विचारा. स्वतः काढू नका.
- चष्मा, कवळी, कानाचं मशीन आणि काठी घरून आणा.
- जेवण बसवूनच भरवा. नंतर अर्धा तास आडवं करू नका. ठसका लागत असेल तर थांबा आणि सिस्टरला सांगा.
- रुग्ण अचानक बरळू लागला किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपून राहिला, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. लगेच सांगा.

सिस्टरना एकाच वेळी अनेक रुग्ण सांभाळावे लागतात, म्हणून नम्रपणे विचारा, पण विचारा. मायेने भरवलेला घासही झोपलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत जाऊ शकतो. माया तुमच्याकडे आहेच, तिला थोडं शिक्षण जोडा. सेवासदनच्या स्त्रिया शुश्रूषा शिकूनच करू लागल्या होत्या. आपल्या आजी-आजोबांसाठी तुम्हालाही ती शिकता येईल.