सुरतेचे मराठी गुरुजी : दादोबा पांडुरंग

इंग्रजी बोलावयाचे म्हटले की आपल्यापैकी अनेकांची जीभ अडखळते. मनात मराठी वाक्य जुळवून त्याचे शब्दशः इंग्रजी करू गेल्यास हसे होते. अशा वेळी, ज्यांनी याच सुरत शहरी इंग्रजी शिकविले, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे स्मरण करावे.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईस झाला. पाश्चात्त्य विद्या तेव्हा आपल्याकडे नुकतीच येऊ लागली होती. दादोबांनी इंग्रजी मन लावून आत्मसात केली. परंतु तिच्या तेजाने दिपून जाऊन मायबोलीकडे पाठ फिरविली नाही. लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाची धर्ती समोर ठेवून त्यांनी १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढील आवृत्त्यांत ते त्यात भर घालीत गेले. मराठी भाषेचे पाणिनी हा लौकिक त्यांना याच ग्रंथाने मिळवून दिला.

पुढे ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत मुख्य शिक्षक झाले. येथेच दुर्गाराम मेहताजी प्रभृती गुजराती मित्रांसह त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापिली. जातिभेद व अंधश्रद्धा यांवर सभेने प्रहार केले; मांत्रिकांना आपले सामर्थ्य सिद्ध करून दाखविण्याचे आव्हान दिले. त्या काळी हे धाडसच होते. १८४६ साली दादोबा मुंबईस परतले.

१८६५ साली त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली, तर १८७८ साली स्वीडनबोर्ग या तत्त्वज्ञाच्या ग्रंथांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रांनो, जोराच्या पावसात इंग्रजांकडे कुत्री-मांजरे पडतात, आपल्याकडे मुसळधार लागते. पाऊस मात्र एकच! प्रत्येक भाषेचे वळण निराळे असते, आणि ते त्या भाषेतच शिकावे लागते. चुकण्याची लाज सोडून बोलावे, ऐकावे, वाचावे. मात्र आपल्या भाषेचे वळण ज्यास पक्के ठाऊक, त्यासच परभाषेचे निराळेपण लवकर उमगते. दादोबांनी दोन्ही भाषांचा मान राखला. आपणही तो राखू या.