शब्द नाहीत, तरी बॅन!

गाण्यावर बंदी येते ती शब्दांमुळे, असं आपल्याला वाटतं. कुठे शिवी असते, कुठे कुणाच्या भावना दुखावतात. पण १९५८ मध्ये अमेरिकेतल्या काही रेडिओ स्टेशन्सनी अशा एका ट्रॅकला नकार दिला, ज्यात एकही शब्द नव्हता. होती ती गिटार आणि तिचा फाटका, खरखरीत आवाज. ट्रॅकचं नाव ‘रंबल’ आणि वाजवणारा होता लिंक रे.

लिंकचा जन्म २ मे १९२९ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या डन गावातला. घरची गरिबी. तरुणपणी तो लष्करात गेला, तिथे क्षयरोगाने गाठलं आणि एक फुप्फुस गेलं. आता गाणं विसर, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. मग जे गळ्यातून निघणार नव्हतं, ते त्याने गिटारमधून काढलं. ड्रम्सवर भाऊ डग होताच.

व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्ग इथल्या एका डान्स शोमध्ये ‘स्ट्रोल’ या तेव्हाच्या गाजलेल्या नाचासाठी काहीतरी वाजवा, अशी फर्माईश आली. तसलं काही तयार नव्हतं. लिंकने संथ, जड कॉर्ड्स ठोकायला सुरुवात केली. पब्लिक वेडं झालं, पुन्हा पुन्हा तेच मागू लागलं.

स्टुडिओत मात्र तोच ट्रॅक अगदीच गुळगुळीत वाटायला लागला. मग लिंकने पेन्सिल घेतली आणि ॲम्प्लिफायरच्या स्पीकरमधल्या कागदी पडद्याला चक्क भोकं पाडली. पडदा फाटला की तो नीट थरथरत नाही, सूर घोगरे होतात. आज हे ‘डिस्टॉर्शन’ पेडलवर पाय ठेवला की मिळतं. तेव्हा पहिलं फझ पेडल दुकानात यायलाही ४ वर्षं बाकी होती.

कॅडन्स रेकॉर्ड्सचे मालक आर्ची ब्लेयर यांना हा आवाज अजिबात आवडला नाही. आवडला तो त्यांच्या सावत्र मुलीला! म्हणून रेकॉर्ड निघाली आणि थेट बिलबोर्डच्या यादीत १६ व्या नंबरवर पोहोचली. पण ‘रंबल’ म्हणजे तेव्हाच्या बोलीत टोळ्यांची हाणामारी. हे ऐकून पोरं रस्त्यावर उतरतील, अशी भीती रेडिओवाल्यांना वाटली. ब्लेयर यांच्याशी लिंकचं नातं तिथेच संपलं.

पुढच्या कंपनीने त्याला ऑर्केस्ट्रासोबत बसवून ‘सभ्य’ करायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. शेवटी मेरीलँडमधल्या घरच्या शेतावर, एका शेडमध्ये स्टुडिओ थाटून तो आपल्याला हवं तसं वाजवत राहिला. नंतर डेन्मार्कला स्थायिक झाला. ५ नोव्हेंबर २००५ रोजी कोपनहेगनमध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी तो गेला.

तोवर ‘द हू’चा पीट टाउनशेंड आणि ‘लेड झेपलिन’चा जिमी पेज हे दोघंही ‘रंबल’चं ऋण मान्य करून मोकळे झाले होते. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मात्र या ट्रॅकची दखल घेतली ती २०१८ मध्ये. म्हणजे लिंक गेल्यावर १३ वर्षांनी.

हा ट्रॅक जेमतेम अडीच मिनिटांचा आहे. हेडफोन लावून एकदा ऐकाच. आज तो भीतीदायक वाटत नाही, कारण ज्या आवाजाला लोक घाबरले, तोच पुढे रॉकचा आवाज झाला.