एक चूल, एक पंगत

मुलांना समता कशी शिकवावी, यावर हल्ली व्याख्याने पुष्कळ होतात. आमच्या फलटण-साताऱ्याच्या मुलखात ती शिकवली गेली स्वयंपाकघरात.

भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोजच्या जैन घरात जन्मले. कोल्हापूरला शिकत असताना अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला, तेव्हा जैन बोर्डिंगने त्यांना बाहेर काढले.

१९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह थाटले. मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सगळी मुले तिथे एकत्र राहत, मिळून स्वयंपाक करीत, एकाच पंगतीला बसत. ज्याच्या हातची भाकरी रोज खायची, त्याचा विटाळ कोण मानणार? अमेरिकेत काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या त्या १९५४ साली, म्हणजे यानंतर तीस वर्षांनी. गांधीजींनी १९२७ मध्ये या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले.

भाऊरावांचे कौतुक होते. लक्ष्मीबाईंचे कमी होते. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या बाईंनी परजातीची पोरे आपली मानली. धान्य संपले तेव्हा दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. बँकेत सोनेतारणाची कर्जे मी पुष्कळ पाहिली. लग्नासाठी, औषधपाण्यासाठी लोक दागिने ठेवीत. दुसऱ्यांच्या पोरांच्या भाकरीसाठी कुणी ठेवलेले मला आठवत नाहीत.

१९३० साली त्या गेल्या. १९३२ मध्ये पुणे कराराच्या स्मरणार्थ भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले.