अनुभवाची कसोटी : गुरुदेव रा. द. रानडे

गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे हे नाव उच्चारताच बहुसंख्य मराठी वाचकांच्या मनात निंबाळच्या साक्षात्कारी सत्पुरुषाची मूर्ती उभी राहते. ती यथार्थच आहे. परंतु ह्या सत्पुरुषाने सुमारे तीन दशके महाविद्यालयात व विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविले, आणि मानवी मनाचा, विशेषतः ईश्वरानुभवाच्या वेळी मनात घडणाऱ्या व्यापारांचा चिकित्सक अभ्यास केला, ह्याचे स्मरण तितकेसे राहिलेले नाही. ग्रंथालयाच्या शताब्दी स्मरणिकेत त्यांच्या ह्या दुसऱ्या ओळखीचा परिचय करून देणे उचित ठरेल.

रानड्यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषांचा संस्कार त्या भूमीने त्यांच्यावर केला. १९०१ साली, विद्यार्थिदशेतच, उमदीचे भाऊसाहेब महाराज ह्यांच्याकडून त्यांना नामदीक्षा मिळाली. पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पदवीनंतर दीर्घ आजारपणाने त्यांना ग्रासले आणि विद्याभ्यासात मोठा खंड पडला. तरीही १९१४ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. हेराक्लिटससारख्या ग्रीक तत्त्वचिंतकांवर त्यांनी लिहिलेले निबंध ह्याच कालखंडातले.

तो काळ मानसशास्त्राच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. अमेरिकेत विल्यम जेम्स ह्यांनी धार्मिक अनुभवाच्या विविध प्रकारांवरील आपला ग्रंथ १९०२ साली प्रसिद्ध केला होता. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि १९२२ साली डॉ. गिरींद्रशेखर बोस ह्यांनी मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली. अन्यत्र मात्र मानसशास्त्र हे बहुधा तत्त्वज्ञानाच्या छत्राखालीच शिकविले जाई. संतांना होणारे नाद, प्रकाश वा रूप ह्यांचे अनुभव म्हणजे ज्ञान की मनाचा विकार, हा प्रश्न त्यामुळे अपरिहार्य झाला होता. रानडे स्वतः नामधारक साधक असल्याने तो त्यांच्यापुढे केवळ पुस्तकी प्रश्न म्हणून उभा नव्हता. उत्तर विकाराच्या बाजूने गेले असते, तर त्यांच्या स्वतःच्या साधनेचाच पाया ढासळला असता.

उपनिषदांच्या तत्त्वज्ञानाचे रचनात्मक समालोचन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक संपूर्ण प्रकरण उपनिषदांतील मानसशास्त्राला वाहिलेले आहे. त्याचे तीन भाग त्यांनी पाडले : अनुभवाधिष्ठित, अपसामान्य आणि तात्त्विक. पहिल्यात अन्न व मन ह्यांचा संबंध, अवधान, भय, तसेच इच्छाशक्ती श्रेष्ठ की बुद्धी, हे विषय येतात. दुसऱ्यात मृत्यू व निद्रा. तिसऱ्यात आत्म्याचे स्थान, जाणिवेच्या अवस्था आणि कोश. छांदोग्यातील श्वेतकेतू पंधरा दिवस अन्नावाचून राहतो, तेव्हा त्याला पाठ असलेले वेदही आठवेनासे होतात. अन्नग्रहणानंतर ते पुन्हा स्फुरू लागतात. मन अन्नमय आहे हे उद्दालकाने आपल्या पुत्राला केवळ सांगितले नाही, प्रचीतीने पटवून दिले. अशी उपनिषद्वचने भक्तिभावाने वाचण्याची आपल्याकडे परंपरा होती. त्यांचे विषयवार वर्गीकरण करून आधुनिक मानसशास्त्राच्या शेजारी ती मांडण्याचे कार्य रानड्यांनी केले.

१९२४ साली फर्ग्युसनमधून निवृत्त होऊन ते काही काळ निंबाळला राहिले. पुढे गंगानाथ झा ह्यांच्या आमंत्रणावरून ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १९४६ पर्यंत तेथे राहिले. महाराष्ट्रातील गूढवादावरील त्यांचा ग्रंथ १९३३ साली प्रकाशित झाला. ज्ञानेश्वरांचा गूढवाद बौद्धिक, नामदेव व त्यांच्या समकालीन संतांचा लोकाभिमुख, एकनाथांचा समन्वयात्मक, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांचा कर्मपर, अशी मांडणी त्यात आहे. संत सारे एकच, असे आपण सहज म्हणतो. अनुभवाचे ऐक्य मान्य करूनही प्रत्येकाच्या स्वभावाचा भेद रानड्यांनी नेमका टिपला.

ह्याच ग्रंथात अनुभवाच्या खरेपणाच्या कसोट्या त्यांनी सांगितल्या. निरनिराळ्या देशकाळांतील संतांच्या अनुभवांत साम्य दिसावे; तो घेणाऱ्याची बुद्धी तेजस्वी व भावना शुद्ध असावी; आणि त्याचे नैतिक आचरण उन्नत व्हावे. भ्रमिष्टाचा भास आणि संताचे दर्शन ह्यांतील भेद, त्यांच्या मते, अनुभवाच्या क्षणी जितका दिसत नाही तितका त्या क्षणानंतरच्या आयुष्यात दिसतो. ह्या कसोट्या संतचरित्रांतूनच घेतल्या असल्याने त्या संतांना लागू पडणारच, असा आक्षेप घेता येतो आणि तो निराधार म्हणता येणार नाही. तथापि आपली श्रद्धा परीक्षेच्या बाहेर न ठेवता तिला अभ्यासकांपुढे उभे करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले.

निवृत्तीनंतर निंबाळला नामसाधना, साधकांना मार्गदर्शन आणि लेखन असा त्यांचा क्रम राहिला. हिंदी संतसाहित्यावरील ग्रंथ १९५४ साली निघाला. कानडी संतांवरील ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथेच त्यांनी देह ठेवला.

महाराष्ट्रापासून दूर, भरवेलीसारख्या मॅंगनीजच्या खाणीच्या गावी मराठी कुटुंबांनी ज्ञानेश्वरी, गाथा आणि दासबोध जपले. ते घरोघरी भक्तीने वाचले जातात, तसेच वाचले जावेत. त्यांच्या जोडीला रानड्यांचा एखादा ग्रंथही सभासदांनी आवर्जून घरी न्यावा. जे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याविषयी निर्भयपणे प्रश्न विचारूनही श्रद्धा कशी टिकवावी, हे त्यातून शिकावयास मिळेल.